एमसीबी असला तरी गीझरचा शॉक बसू शकतो

थंडी सुरू झाली की गोव्यात व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. सांगणं असं की न्हाणीघरात गीझर बसवायला घाबरू नका, बोर्डावर एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप बंद होणारा स्विच, असला की शॉक बसत नाही. करंटची गळती झाली की लाईन तोडणारा आरसीसीबी म्हणजे फुकटचा खर्च, पावसात उगाच पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी तार) नसेल तर न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या तारेला) जोडून घ्या, आणि आंघोळीआधी स्विच बंद केला की झालं. डिचोली, पेडणे, फोंड्याकडच्या जुन्या घरांत पाणी तापवायचं भाण जाऊन गीझर येतोय, आणि तिथलं वायरिंग दिवे-पंख्यांपुरतं केलेलं असतं. अशा घरात हा सल्ला जीव घेईल. मी वायरिंगचीच कामं करतो, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात मोठी चूक एमसीबीबद्दलची. एमसीबी असतो तो वायर तापून जळू नये म्हणून. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरपर्यंत मुकाट चालू राहतो. माणसाच्या अंगातून साधारण 10 मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) गेले की स्नायू आखडतात आणि धरलेला नळ सोडता येत नाही. 30 च्या पुढे हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. 30 मिलिअँपिअर हा 16 अँपिअरचा पाचशेवा भागही नाही. एमसीबीला तो कळणार कसा?

यावर काही वायरमनच म्हणतात, 'अर्थिंग आहे ना, मग गीझरच्या बॉडीला करंट आला की एमसीबी पडेलच.' आपल्याकडे तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण आपल्या पायाखाली जांभा आहे. जांभ्यात अर्थिंग चांगलं लागत नाही, आणि पाऊस सरून जमीन वाळली की आणखी बिघडतं. गीझर तर तेव्हाच जास्त चालतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स 50 ओहम आहे. 230 ला 50 ने भागा: 4.6 अँपिअर. हा झाला हजार वॅटच्या इस्त्रीचा लोड. एमसीबी हलणारसुद्धा नाही आणि टाकीवर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट तसेच राहतील. आरसीसीबी मात्र फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. कॉइलचं आवरण झिजत जाऊन गळती 30 मिलिअँपिअरवर आली, म्हणजे त्याच 50 ओहमच्या अर्थिंगवर टाकीला जेमतेम दीड व्होल्ट असतानाच, तो लाईन तोडतो. अर्थिंग नसेल तर हीच गळती तुम्ही नळाला हात लावेपर्यंत थांबते आणि मग तुमच्यातून जाते. म्हणून दोन्ही हवीत.

आता न्यूट्रलची गोष्ट. असा सॉकेट उघडला की आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये बोटभर वायरचा तुकडा अडकवलेला दिसतो. टेस्टर लावला तर सगळं ठीक. पण वाऱ्यात माडाचं चुडत तारेवर पडून न्यूट्रल तुटला, की घरात चालू असलेल्या कुठल्याही दिव्यातून फेज त्या तुकड्यावाटे गीझरच्या टाकीवर येतो. खांबावर जोडणी करताना फेज-न्यूट्रल उलटले तर थेट येतो. शिवाय गीझरच्या बॉडीची गळती न्यूट्रलनेच परत जात असल्यामुळे आरसीसीबीलाही फरक दिसत नाही. हा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या आणि खरं अर्थिंग ओढून घ्या. पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपला अर्थ बांधायची पद्धत होती. मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप आला असेल तर तेही अर्थिंग आता उरलेलं नाही.

स्विच बंद करून आंघोळ करणं ही चांगली सवय आहे, ती सोडू नका. पण साधा स्विच एकच तार तोडतो, आणि ती फेजचीच आहे याची खात्री कितीजणांनी करून घेतलीय? दोन्ही तारा तोडणारा 20 अँपिअरचा डीपी स्विच न्हाणीघराच्या दाराबाहेर बसवा.

राहिला पावसात पडणारा आरसीसीबी. तो उगाच पडत नाही. विहिरीवरच्या पंपाची केबल, पडवीबाहेरचा दिवा, भिंतीतला ओलावलेला जंक्शन बॉक्स, यातलं काहीतरी गळत असतं. तो काढून लाईन सरळ जोडणाऱ्या वायरमनला थांबवा. गीझरला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिला तर पंपाच्या बिघाडाने तो पडणार नाही. दोष शोधायला त्या आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाईनमध्ये गळती. सगळे बंद असतानाही पडत असेल तर बहुतेक वेळा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो, आणि तेव्हा वायरमनने आधी गीझरचा सॉकेट उघडून बघावा.