अर्ध्या तासात व्हॉइस असिस्टंट? कुणाच्या अर्ध्या तासात?

"रास्पबेरी पायवर अर्ध्या तासात स्वतःचा व्हॉइस असिस्टंट" (म्हणजे पाय नावाच्या छोट्याशा संगणकावर, तोंडी आज्ञा ऐकणारा मदतनीस) असं ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांनी एक कोरं एसडी कार्ड घ्यावं आणि आज, आत्ता, स्वतःच्याच पायऱ्या पाळून दाखवाव्यात. खुलं आव्हान आहे माझं.

मुळात पायला माइक लावायला जागाच नाही. पाय ५ मधून तर हेडफोनचा जॅकही काढून टाकलाय. म्हणून वर बसवायचा दोन माइकवाला बोर्ड घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात 'पायसाठी तयार'. कसला तयार! त्याचा ड्रायव्हर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, जुन्या कर्नलसाठी (सिस्टीमच्या गाभ्यासाठी) लिहिलेला, नव्यावर कंपाइलच होत नाही. कुणा भल्या माणसाने दुरुस्त केलेली प्रत शोधून टाकली, बोर्ड चालला, आणि पुढच्या अपडेटला कर्नल बदलल्यावर पुन्हा गायब. बोर्ड अजून राजरोस विकताय ना? मग ड्रायव्हर कुणी सांभाळायचा?

बरं, माइक दिसायला लागला. अरेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या कमांडने रेकॉर्ड केलं तर पंख्याची घरघरसुद्धा स्वच्छ ऐकू येते. आणि असिस्टंट म्हणतो, माइक सापडत नाही! लॉग उपसून उपसून डोळे गेले. कारण काय, तर असिस्टंट सर्व्हिस म्हणून वेगळ्या युझरखाली चालतो आणि तो युझर 'ऑडिओ' ग्रुपमध्ये नाही, म्हणजे त्याला माइक वापरायची परवानगीच नाही. एका ओळीच्या कमांडने सुटतं. ती ओळ असिस्टंटवाल्यांच्या लांबलचक माहितीत कुठेही नाही. वर रीबूट केलं की साउंड कार्डांचे क्रमांक बदलतात, कालचं कार्ड १ आज कार्ड २, ते दुखणं वेगळंच.

जुन्या पानांचा तर संताप येतो. २०२३ मध्ये पायच्या ओएसची बुकवर्म ही आवृत्ती आली तेव्हापासून सिस्टीमच्या पायथनमध्ये थेट 'पिप इन्स्टॉल' (पायथनची पॅकेजेस बसवायची कमांड) करता येत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरतं वेगळं पायथन) लागतं. तरी अजून पहिलीच पायरी 'सूडो पिप इन्स्टॉल'! स्निप्स नावाचं असिस्टंट सॉफ्टवेअर २०१९ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीने विकत घेतलं आणि काही महिन्यांत ते बंद झालं. मायक्रॉफ्ट या तसल्याच दुसऱ्या असिस्टंटचा गाशा २०२३ मध्ये गुंडाळला गेला. तरीही 'मायक्रॉफ्ट असं बसवा' सांगणारी पानं शोधात वर येतातच. नवखा माणूस अख्खा रविवार त्यात घालवतो.

आणि वेग? व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणारं मॉडेल, आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. तुम्ही "दिवा लाव" एवढंच म्हणा, उरलेली जागा शांततेने भरून ते सगळं चघळत बसतं. पाय ४ वर एका आज्ञेला आठेक सेकंद लागतात, हे होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःच सांगितलंय. तेही इंग्रजीत. लहान मॉडेलशी मराठी बोललं की कागदावर भलतंच उतरतं. मोठं मॉडेल घ्यावं तर पायचा जीव जातो.

मी हे हौस म्हणून करत नाहीये. आईचे गुडघे गेलेत, रात्री दिव्यासाठी तिला उठावं लागू नये. आणि घरातलं बोलणं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ नये. एवढंच हवंय. फुकट वेळ देऊन कोड लिहिणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्या जिवावरच हे उभं आहे. राग आहे तो 'अगदी सोपं' म्हणून सांगत सुटणाऱ्यांवर. पानावर तारीख टाका. कोणता पाय, कोणती ओएस, कोणता माइक, ते लिहा. प्रकल्प बंद पडला असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर ते पान काढून टाका!