सेट झालास का?

परवा सांगलीत विश्रामबागला एका कार्यालयात लग्न होतं. पंगतीला बसणार तोवर कुपवाडच्या मामांनी दंडाला धरलं.

"काय रं, सेट झालास का न्हाई अजून?"

"झालो की मामा, गेल्याच निकालात."

झालं! मामा भर मंडपात ओरडले, "अहो पाव्हणं, ह्यो आमचा भाचा. सेट झालाय बघा!" पाव्हणं तासगावकडचे द्राक्षबागायतदार, घरात लग्नाची पोरगी. मला शेजारी ओढून बसवलं, पानात आग्रहानं जिलेबी पडली. कुठलं कॉलेज? पर्मनंट का? हातात किती पडतात? मला खरं बोलायचा जुना रोग आहे. म्हटलं, "सीएचबीवर आहे. तासाला पैसे." पाव्हण्यांनी शांतपणे घास गिळला. "म्हंजे आमच्याकडं छाटणीला माणसं येत्यात, तसंच की. पण ती सांजच्याला रोख घिऊन जात्यात." तिथून पुढं जिलेबी माझ्या पानाकडं फिरकली नाही.

अहो, मी 'सेट' म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या राज्य पात्रता परीक्षेबद्दल बोलत होतो! बसलेल्यांतले जेमतेम ६ टक्के पात्र ठरतात त्यात. तुमचा 'सेट' म्हणजे फ्लॅट, दारात चारचाकी आणि ऊस लावायला गावाकडं चार एकर. मी पात्र झालो, पात्रात काही पडेना, याला मी काय करू? आणि कुठं जागा निघालीच, तर तिथं म्हणे 'सेटिंग' लागतं. सेटवाल्याकडं सेटिंग नाही, सेटिंगवाला आधीच सेट.

डोक्यात जातो हा शब्द. घरात सोफा सेट आहे, त्यावर बसायचं नाही, कव्हर खराब होतं. डिनर सेट आहे, तो पाहुण्यांसाठी कपाटात. पावसाची सर आली की सेट-टॉप बॉक्स गार. शेताकडं पंपसेट, त्याला लाईट रात्रीचीच. सलूनवाला विचारतो, "सर, केस सेट करू?" कुठले केस रे बाबा? हॉटेलात सेट डोसा मागवला, तर लुसलुशीत गोल चकत्या समोर, कुरकुरीतपणाचा पत्ता नाही. त्यापेक्षा मार्केट यार्डातले हळदीचे अडते बरे, त्यांना सगळे 'शेट' म्हणतात. सांगलीत खरा सेट झालेला माणूस तो.

बरं, मूळ मालकांना तरी कुठं धरबंध आहे! १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात 'सेट' या नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, नोंद साठेक हजार शब्दांची. पुढं 'रन'नं ६४५ अर्थांवर उडी मारून त्याला मागं टाकलं. म्हणजे आता तेही शिकवा, त्याच तासाच्या दरात. त्यात याचा भूतकाळही सेटच. काल ठेवलं की रोज ठेवतात? बी.ए.ची पोरं विचारतात, मी म्हणतो संदर्भावरून ओळखा. माझा पगारही संदर्भावरूनच ओळखायचा असतो. मे महिन्यात तर संदर्भही नसतो.

वर गंमत म्हणजे, वस्तूंचा सेट हा वेगळ्याच घरातला. लॅटिन 'सेक्टा', तिथून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. क्रियापदवाला मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे, बसवणे. इथं माझा राग जरा गार झाला, कारण गणपती आपण बसवतो, नाटक बसवतो, दात बसवतो, बोअरला मोटर बसवतो, धाकही बसवतो. गळा बसतो, धंदा बसतो. चारशे तीस नसतील, पण आपणही काही कमी नाही. त्या हिशोबानं मामा बरोबरच म्हणाले. मला चांगलंच बसवलेलं आहे.

असो. उद्या सकाळी सव्वासातला तास आहे, फ्रेझल व्हर्ब्ज. सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट बॅक. पोरं एवढंच विचारणार, "सर, हे परीक्षेला येतंय का?"