मॅरेथॉनची देणगी म्हणजे आहेर नव्हे

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. ओळखीचं कुणी एखाद्या संस्थेसाठी धावणार असेल, तर देणगीच्या पानावर आधीच्यांनी किती दिलेत ते बघा आणि त्याहून कमी देऊ नका. शे-दोनशे देण्यापेक्षा न दिलेलं बरं. नाहीतरी ८० जीमध्ये (देणगीवरच्या आयकर सवलतीत) निम्मे परत मिळतात. आणि तुमच्या वेळी त्यानं दिलं होतं, तेवढं तरी फेडाच.

हा सल्ला मनापासून खटकतो, कारण तो ऐकून माणसं जास्त देत नाहीत, लिंक न उघडताच पुढे सरकतात.

आधी यादीचं बघू. इतरांचे आकडे पाहून आपला हात सैल किंवा आखडता होतो, हे खरं आहे. २०१० च्या लंडन मॅरेथॉनसाठी धावणाऱ्यांची ऑनलाइन पानं अर्थशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली की पुढचा माणूस सरासरी अडीच पौंड जास्त देतो असं दिसलं. पण ही आपली सवय झाली, तो काही नियम नव्हे. यादीतली पहिली मोठी रक्कम बऱ्याचदा घरच्यांची किंवा साहेबांची असते. नोकरीला लागून वर्षही न झालेल्या मुलीनं त्या रकमेशी बरोबरी का करावी? संकोच वाटत असेल तर बहुतेक पानांवर नाव न दाखवता देणगी देण्याची सोय असते, ती खुशाल वापरावी.

शे-दोनशेनं काय होतं? चॅरिटी बिबवर, म्हणजे संस्थेसाठी निधी जमवायच्या अटीवर मिळालेल्या क्रमांकावर, धावणाऱ्याला ठरावीक रक्कम जमवायची असते. वीस जणांनी दोनशे दिले की चार हजार होतात. ते वीस जण लाजेनं गप्प बसले तर शून्य.

सगळ्यात जास्त दिशाभूल होते ती ८० जीबद्दल. ‘पन्नास टक्के’ ही वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते, भरायच्या करातून नव्हे. हजार रुपये दिले तर उत्पन्नातून पाचशे वजा होतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेस धरून वाचतात १०४ रुपये. काही ठरावीक निधींना शंभर टक्के वजावट आहे, पण तिथेही हिशेब उत्पन्नाचाच. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही. शिवाय दोन हजारांवरची रोख देणगी धरली जात नाही. आणि पैसे धावणाऱ्याच्या खात्यावर टाकले, त्यानं पुढे संस्थेला भरले, तर पावती त्याच्या नावानं निघते. म्हणून थेट संस्थेच्या पानावरूनच द्या आणि पॅन नीट भरा.

राहिली फेड. आहेर घरात जातो, म्हणून तो लक्षात ठेवून परत करायची रीत आहे. इथे पैसे मित्राकडे जातच नाहीत, संस्थेकडे जातात. त्यानं तुमच्या वेळी हजार दिले ते त्या कामासाठी. त्याची संस्था तुम्हाला पटत नसेल, तर मनापासून शुभेच्छा द्या आणि थांबा. मैत्रीत काही कमी होत नाही.

मग आकडा ठरवायचा कसा? वर्षभरात दानासाठी किती काढणार, हे आधी घरात बसून ठरवा. त्यातला मोठा वाटा तुम्ही स्वतः निवडलेल्या कामाला जाऊ दे. उरलेल्यातून अशा मागण्या भागवा. वर्षात साधारण किती येतात याचा अंदाज आपल्याला असतोच. काम जवळचं वाटलं तर थोडं जास्त, नाहीतर आपली ठरलेली रक्कम. मागणारा साहेब आहे की शिपाई, यानं तो आकडा बदलू नये.

पैसे भरताना शेवटची पायरी मात्र डोळ्यांखालून घाला. काही ऑनलाइन मंचांवर पाचशे टाकले की खाली ‘टीप’ आपोआप जोडलेली असते. ती संस्थेला नाही, त्या मंचाला जाते. द्यायची नसेल तर तिथे शून्य निवडा आणि मगच पुढे जा.