आई-बाबांना मॉल दाखवून झाला का?

आज सकाळी ग्रुपवर एकाने साधा प्रश्न टाकला. आई-बाबा पुण्याहून आलेत, जुलैत तीन दिवस मोकळे आहेत, मिशिगनमध्ये कुठे नेऊ? उत्तरं काय आली? देऊळ, आउटलेट मॉल, फार तर नायगारा. मी लिहिलं, स्लीपिंग बेअर ड्यून्सला, लेक मिशिगनच्या काठच्या त्या वाळूच्या डोंगरांकडे न्या, तिथल्या प्लॅट रिव्हरच्या कॅम्पग्राउंडवर तंबू ठोका, दोन रात्री राहा. त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. "ताई, या वयात त्यांना जमिनीवर झोपवणार?"

अहो, ज्यांनी अर्धे उन्हाळे गच्चीवर गादी टाकून काढले, त्यांना तुम्ही जमिनीचं काय सांगताय?

माझी आई आली होती तेव्हा मला हेच ऐकवलं होतं सगळ्यांनी. बीपीची गोळी, गुडघे, इन्शुरन्स. मी नेलंच. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून चार तासांच्या वर गाडी. ड्यून क्लाइंबच्या पायथ्याशी तिने ती वाळूची भिंत बघितली, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि निघाली. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. मध्ये तीनदा बसली. पंचविशीतली पोरं धापा टाकत होती आणि ही त्यांना "सावकाश, सावकाश" करत वर. वरून मागे ग्लेन लेक दिसतं, निळंशार. (मोठं तळं, म्हणजे लेक मिशिगन, लगेच पलीकडे असेल या भ्रमात राहू नका. जाऊन-येऊन साडेतीन मैल आहे, आणि सगळी वाळू. आम्ही तिथूनच परत फिरलो.)

बरं, गुडघ्यांचं खरंच दुखणं असेल तर नका चढवू. तिथलाच टेकड्यांवरून फिरणारा पिअर्स स्टॉकिंगचा रस्ता गाडीतूनच होतो. फक्त तिथल्या नऊ नंबरच्या पॉइंटवरून कुणाला खाली उतरू देऊ नका. ४५० फूट खाली पाणी आहे. उतरायला काही मिनिटं, चढायला तासन्‌तास. तशी पाटी लावलेली आहे, तरी आपली मंडळी रीलसाठी उतरतात आणि मग रेंजरला बोलवावं लागतं. यांना मात्र तंबूत झोपणं धोक्याचं वाटतं!

माझा राग वेगळाच आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसांना आपण बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसवतो, नातवंडांना बसवरून आणायला लावतो, शनिवारी कॉस्टकोत फिरवतो आणि जाताना विचारतो, "मजा आली ना?" ते "हो" म्हणतात. दुसरं काय म्हणणार?

आई संध्याकाळी किनाऱ्यावर गेली आणि ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "एवढं पाणी, आणि खारट नाही?" पलीकडचा काठ दिसत नाही, त्यामुळे तिला ते तळं पटेचना. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो तिथे. आठ वाजल्यापासून तिचं सुरू, "अगं, दिवेलागण कधी करायची?"

तेव्हाच तिला 'स्लीपिंग बेअर' या नावामागची, इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची गोष्ट सांगितली. विस्कॉन्सिनच्या बाजूला वणवा लागला, अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन तळ्यातून पोहत निघाली. ती काठाला लागली, पिल्लं मागे राहिली आणि बुडाली. तळ्यातली दोन मॅनिटू बेटं म्हणजे ती पिल्लं, आणि काठावर वाट बघत झोपलेली आई म्हणजे हा वाळूचा डोंगर. माझा भाऊ सिडनीत, मी इथे. आई बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "दोन्ही?"

असं काही मॉलमध्ये होत नाही हो.

दुसऱ्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, ती ट्यूबवर बसून प्लॅट नदीतून वाहत गेली. नदी उथळ, संथ, तळाची वाळू दिसते. मुखाशी नदीचं कोमट पाणी आणि तळ्याचं थंडगार पाणी एकत्र येतं, तिथे ती लहान मुलीसारखी ओरडली. जवळच पायपिंग प्लोव्हर पक्ष्यांच्या घरट्यांसाठी दोरी बांधून ठेवलेली होती. तिने ती बघून पलीकडे धावणाऱ्या दोन पोरांना मराठीतच दम भरला. थांबली पोरं.

डास आहेत, मान्य. रात्री टॉर्च घेऊन चालत जावं लागतं, तेही मान्य. पण प्लॅट रिव्हरला फ्लशचे संडास आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत. तिथल्याच दुसऱ्या, डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर ते नाही, म्हणून ज्येष्ठांना तिकडे नेऊ नका.

ज्याने प्रश्न विचारलाय त्याला सांगते: शनिवार-रविवार सोड, मधले वार बघ, कुणी बुकिंग रद्द केलं की जागा सुटते. तंबू माझ्याकडे आहे, हवेच्या गाद्याही आहेत, येऊन घेऊन जा. शेकोटीची लाकडं मात्र घरून नेऊ नकोस. २००२ मध्ये आपल्या डेट्रॉइटजवळच सापडलेला तो हिरवा भुंगा अशाच लाकडांतून पसरला आणि अ‍ॅशची झाडं खाऊन गेला. लाकडं तिथेच विकत मिळतात.

हसणाऱ्या इमोजीवाल्यांना तंबू मिळणार नाही.