सह्याद्री मॉडेलमध्ये आहे, फक्त बुटका आहे

पावसाळा आला की नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: हवामानाची परदेशी मॉडेलं, म्हणजे अंदाज काढणारे संगणकी हिशेब, जमीन सपाट धरतात, त्यांत सह्याद्री नाहीच, म्हणून इगतपुरीचा पाऊस ॲपवर नाशिकला दिसतो. उपग्रहाला दगड न् दगड दिसत असताना डोंगर वगळणं हा निव्वळ आळस. आणि आता आपलं 6 किलोमीटरचं मॉडेल आलंय, म्हणजे चिंता मिटली. ॲप नाशिकला चुकतं ही तक्रार खरी. कारणं मात्र भलतीच दिली आहेत.

जमीन सपाट धरतात? 1957 सालीच हवामानशास्त्रज्ञ नॉर्मन फिलिप्स यांनी अशी मांडणी सुचवली, की मॉडेलमधले हवेचे थर जमिनीच्या चढउताराबरोबर वर-खाली व्हावेत. खाटेवरच्या उशीवर एकावर एक गोधड्या अंथरल्या, तर खालची गोधडी उशीचा आकार घेते आणि वरच्या सपाट होत जातात, तसे. आजची बहुतेक जागतिक मॉडेलं याच पद्धतीच्या सुधारित रूपावर चालतात. कोकणातून आलेला वारा मॉडेलमध्येही घाट चढतो, थंड होतो, पाऊस टाकतो. सह्याद्री नसताच, तर मॉडेलने घाटमाथ्यावरचं इगतपुरी आणि पूर्वेकडचं कोरडं येवला सारखेच भिजवले असते.

दगड न् दगड दिसतो, हे जवळपास खरं आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातल्या रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. दर 30 मीटरवरच्या त्या नोंदी आज कुणालाही फुकट मिळतात. सह्याद्रीही त्यात आहे, तेव्हा मॉडेल परदेशी असण्याचा इथे संबंध नाही. अडचण आकडेमोडीची आहे. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं: युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलचे साधारण 9 किलोमीटरचे, अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलचे 13 चे. एका चौकोनाला उंची एकच, आतल्या सगळ्या जमिनीची सरासरी. कळसूबाई 1646 मीटर, पण तिच्या चौकोनात भोवतालची खोरीही येतात, त्यामुळे मॉडेलमधली कळसूबाई शेकडो मीटरने बुटकी. नाशिकजवळचा चामरलेणीचा छोटा डोंगर तर दिसतच नाही. त्यावर ही सरासरीसुद्धा मुद्दाम आणखी गुळगुळीत करतात, कारण शेजारच्या दोन चौकोनांत उंचीने एकदम उडी घेतली की आकडेमोडीत खोट्या लाटा उठतात. कसाऱ्याजवळचा कडा असा लांबट उतार होऊन बसतो.

आता इगतपुरीकडे बघा. तिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात 700 च्या आसपास, आणि सरळ रेषेत अंतर सुमारे 40 किलोमीटर. 13 किलोमीटरचे चौकोन धरले तर मध्ये तीनच बसतात. आणि जी गोष्ट निदान पाच-सहा चौकोनांवर पसरलेली असते, तीच मॉडेलला नीट पकडता येते. पाऊस नाशिककडे सरकतो तो इथे.

सरासरीत हरवलेले डोंगर विसरलेले नसतात, हे त्या मजकुराच्या कर्त्याला ठाऊक नसावं. प्रत्येक चौकोनाबरोबर आतला खडबडीतपणा, उतार आणि रांगांची दिशा यांचे आकडे ठेवलेले असतात. वारा किती अडेल, किती वळसा घालेल, हे त्यांवरून सूत्राने काढतात. 1980 च्या दशकापर्यंत उत्तर गोलार्धातले हिवाळी पश्चिमी वारे मॉडेलमध्ये अवाजवी जोरदार निघत. डोंगरांमुळे उठणाऱ्या लाटा खूप उंचावर जाऊन फुटतात आणि तिथला वारा मंदावतात, तो परिणाम हिशेबात नव्हता. 1986 मध्ये पामर, शट्स आणि स्विनबँक या शास्त्रज्ञांनी तो सूत्राने घातला आणि चूक बरीच कमी झाली. याला आळस म्हणायचं? अर्थात ही सूत्रं वाऱ्याला लगाम घालतात. अंजनेरीच्या डोंगरामागे नेमका किती पाऊस पडेल, ते सांगत नाहीत.

राहिलं 6 किलोमीटरचं मॉडेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं भारत फोरकास्ट सिस्टीम 26 मे 2025 पासून अधिकृतपणे सुरू झालं. आधीचं 12 किलोमीटरचं होतं. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम साधारण आठपट. प्रगती मोठीच आहे. पण दोन-तीन किलोमीटरांत काहीशे मीटर उठणारा कडा 6 च्या चौकोनातही मावत नाही. शिवाय चौकोन बारीक झाले की उतार खरे, म्हणजे तीव्र होतात. तिरक्या थरांवर हवेच्या दाबाचा जोर दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून निघतो. तिथली बारीक चूकही नसलेला वारा वाहवते.

म्हणून ॲपमधल्या एका ढगावर औषध फवारणी ठरवू नका. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ वेगळे दिलेले असतात, ते बघा. घाटाचा ऑरेंज अलर्ट सिन्नरच्या बागेसाठी नसतो. गोदाकाठच्या दुकानदाराने मात्र तोच आधी वाचावा: गंगापूर धरणात पाणी त्र्यंबकेश्वरच्या बाजूने येतं, आणि शहर कोरडं असतानाही विसर्ग वाढू शकतो.