पाणकणीस खाता येतं, पण चरीतलं नव्हे

या पावसाळ्यात सांगली-मिरजेपासून वाळवा-पलूसपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर तपकिरी, गुळगुळीत कणसांचा फोटो आणि ‘जंगली मका’ असं ठळक नाव. खाली मजकूर असा: ओढ्याकाठी फुकट उगवणाऱ्या या झाडाचे सगळे भाग खाता येतात. कणीस भाजून खा, कोंब कच्चे खा. हे झाड पाणी शुद्ध करतं, त्यामुळे त्यात घाण नसते. त्याच्यासारखं दिसणारं दुसरं विषारी झाड नाही. मधुमेह मुळासकट जातो, महाभारतातले ऋषी हेच खात. त्याच्या कंदाचं एकरी बटाट्याच्या दहापट पीठ मिळतं. आणि चिबड (पाणी साचणाऱ्या), क्षारपड रानात लावलं तर वर्षात जमीन सुधारते.

फोटोतलं झाड म्हणजे पाणकणीस. कुणी त्याला रामबाणही म्हणतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि आमचं घरचं रान कृष्णाकाठच्या चिबड पट्ट्यात आहे, त्यामुळे हे झाड मला पुस्तकातूनही माहीत आहे आणि खोऱ्याच्या दांड्यातूनही. मेसेजमधलं थोडं खरं आहे. त्या थोड्या खऱ्यामुळेच बाकीचं लोकांना पटतंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पाणकणीस खाता येतं, हे अगदी खरं. इटलीत बिलान्चिनो इथं सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर पाणकणसाच्या कंदातल्या स्टार्चचे कण सापडले आहेत. माणूस शेती शिकला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. इराकच्या दक्षिणेकडच्या दलदलीत राहणारे लोक आणि सिंधमधले लोक त्याच्या पिवळ्या परागाची मिठाई करत आले आहेत. न्यूझीलंडचे माओरी त्याच परागाची भाकरी भाजत. कोवळ्या कोंबाचा बुडातला पांढरा गाभा, फुलण्याआधीचं हिरवं कणीस, पराग आणि चिखलातला आडवा कंद हे खाण्याचे भाग. ‘सगळे भाग’ नव्हेत. मोठी पानं खाण्याची नाहीत, त्यांच्या चटया होतात. काश्मीरमधली ‘वगू’ चटई अशाच पाणगवताची.

आता तो फोटो. आमच्या वस्तीवरच्या एका काकूंनी तो दाखवून मला विचारलं, “सर, ही कणसं आमच्या चरीत भरपूर हायती. पोरं म्हणत्यात भाजून खाऊया. चालतंय का?” काकूंनी विचारलं हे फार बरं केलं. पाणकणसाच्या दांड्यावर दोन भाग असतात. वर नर फुलांचा तुरा, खाली मादी फुलांचं कणीस, आणि आपल्याकडच्या जातीत या दोहोंच्या मध्ये देठाचा उघडा तुकडा दिसतो. हे सगळं हिरवं, कोवळं, पानांच्या आवरणात असतानाच उकडून खातात. एकदा का नर तुरा झडला आणि खालचं कणीस तपकिरी झालं, की त्यात खाण्यासारखं काही उरत नाही. आत असतात लाखाहून जास्त बारीक बिया आणि प्रत्येक बीला चिकटलेले केस. पिकलेलं कणीस बोटानं चोळलं तर सावरीचं बोंड फुटल्यासारखा भुगा उडतो. तो लहान पोराच्या घशात गेला तर ठसका लागून श्वास अडकू शकतो. चुलीवर धरलं तर ते भाजत नाही, पेट घेतं. थंड देशांत विस्तव पेटवायला हा कापूस वापरत. मेसेजमध्ये नेमका न खाण्याच्या अवस्थेतला फोटो लावलाय आणि खाली ‘भाजून खा’ लिहिलंय.

‘पाणी शुद्ध करतं, म्हणून त्यात घाण नसते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा त्याच्या नेमका उलटा. पाणकणीस पाणी शुद्ध करतं म्हणजे काय करतं? घाण नाहीशी करत नाही. मुळांभोवतीचे जीवाणू सेंद्रिय मैला कुजवतात, नत्र आणि स्फुरद झाड ओढून घेतं, गाळ मुळांच्या जाळीत अडकतो. शिसं, कॅडमियम, जस्त यांसारखे जड धातू कुजत नाहीत. ते झाडात साठतात, आणि पानांपेक्षा मुळात नि कंदात जास्त साठतात. ज्या कंदाचं पीठ करायला मेसेज सांगतो, तोच कंद. सांडपाण्यासाठी कृत्रिम पाणथळी बांधतात तिथंही पाणकणीस वेळेवर कापून बाहेर काढावं लागतं, नाहीतर ते तिथंच कुजून घेतलेलं परत पाण्यात सोडतं.

मग आपल्याकडे हे वाढतं कुठं ते बघा. सांगलीच्या शेरीनाल्यातून शहराचं सांडपाणी कृष्णेला मिळतं, हे शहरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गावांच्या खालच्या अंगाला गटारं ओढ्याला लागतात. रानातल्या चरींत उसाच्या सरीतून निथळलेलं पाणी येतं. त्यात युरिया असतो, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही तणनाशकं असतात. शिवाय चर मोकळी ठेवायला कित्येक शेतकरी थेट पाणकणसावरच ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. फवारा बसल्यावर पानं पिवळी पडायला काही दिवस जातात. तोवर झाड हिरवंगार दिसतं. त्या दिवसांत कुणी कोंब उपटून नेला तर बघून काही कळणार नाही. उकळल्यानं जंतू मरतात. धातू जात नाहीत, आणि तणनाशक जाईल याचा भरवसा नाही.

कच्चे कोंब खाण्याबद्दल धनगर बांधवांना विचारा. तळ्याकाठच्या ओल्या गवतावर चरलेल्या मेंढ्यांना यकृतातले चपटे कृमी होतात, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. या कृमीचं अर्धं आयुष्य पाण्यातल्या गोगलगायीत जातं आणि मग त्याच्या बारीक गाठी पाणवनस्पतींच्या पाण्याखालच्या भागाला चिकटून बसतात. अशा वनस्पती कच्च्या खाल्ल्या तर तो कृमी माणसालाही होतो. कोंबाचा खायचा भाग पाण्याखालचाच असतो. कच्चा खायचा नाहीच.

‘सारखं दिसणारं विषारी झाड नाही’ हे लिहिणाऱ्यानं वेखंड उगवलेलं पाहिलेलं नसावं. ते दलदलीतच वाढतं, पानं तशीच लांब तलवारीसारखी, खाली तसाच चिखलात आडवा पसरलेला कंद. कणीस आलेलं नसताना लांबून दोन्ही एकच वाटतात. आपल्याकडे वेखंड बाळगुटीत उगाळतात, पण दोन वेढे उगाळणं आणि भाजी करून ताटभर खाणं यात फार फरक आहे. भारतातल्या वेखंडात बीटा-असरोन हे द्रव्य भरपूर असतं. त्यामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाच्या गाठी झालेल्या आढळल्या, आणि अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. ओळख सोपी आहे. पान चुरडून वास घ्या. वेखंडाचा उग्र सुगंध हाताला राहतो, पाणकणसाला गवताच्या ओलसर वासापलीकडे काही नसतं. वेखंडाच्या पानाला मधोमध उठून दिसणारी शीर असते आणि त्याचं कणीस टोकाला न येता दांड्याच्या बाजूनं तिरकं फुटतं. कोवळ्या कोंबावर मात्र शिरेवर विसंबू नका, वासच बघा.

मधुमेहाचं फार लांबवत नाही. कंदाचं पीठ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चची पोटात साखरच होते. पाणकणीस खाऊन माणसाचा मधुमेह बरा झाल्याचा पुरावा नाही. हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर त्याचं नुकसान होईल, म्हणून हे वाक्य मेसेजमधून आधी काढायला हवं. चिनी वैद्यकात पाणकणसाचा पराग औषध म्हणून वापरतात, पण तो रक्तस्राव थांबवायला, आणि गरोदर बाईला तो देत नाहीत. राहिलं महाभारत. तिथं एरका नावाचं गवत येतं ते १६व्या, मौसलपर्वात, आणि पुष्कळ अभ्यासक ते पाणकणीसच मानतात. पण तिथं ते कुणी खात नाही. प्रभासक्षेत्री यादवांनी उपटलेल्या त्या गवताची मुसळं झाली आणि त्यांनी एकमेकांना मारलं. ‘यादवी’ तिथलीच. ऋषींच्या आहाराशी त्या प्रसंगाचा संबंध नाही.

बटाट्याच्या दहापट पिठाचा हिशेब चिखलातून काढलेल्या ओल्या कंदाच्या वजनावर मांडलेला असतो. त्या वजनात मोठा वाटा पाण्याचा. बाहेरचं स्पंजासारखं साल काढायचं, आतला गाभा गार पाण्यात कुस्करायचा, धागे गाळून टाकायचे, खाली बसलेला स्टार्च निथळून वाळवायचा. हातात येतं ते पहिल्या ढिगाच्या मानानं फारच थोडं. दुष्काळात, युद्धात माणसांनी हे केलंय. पण शेतीचं पीक म्हणून ते बटाट्याशेजारी मांडणं म्हणजे शेतकऱ्याला चुकीचा हिशेब दाखवणं.

आणि जमीन. इथं मेसेजचं खोटं थेट आमच्या शिवारात उतरतं. कसबे डिग्रज, कवठेपिरान, दुधगाव या बाजूला मीठ फुटलेली रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना ही जखम नव्यानं सांगायला नको. काळी भारी जमीन, पाटपाण्याचा अमर्याद मारा, निचरा नाही. भूजल वर येतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. पाणकणीस अशा जागी उगवतं ते पाणी साचलंय म्हणून. ते रोगाचं लक्षण आहे, औषध नव्हे. थोडा खारटपणा ते सोसतं, पण उचललेलं मीठ जमिनीत आहे त्या मानानं नगण्य, आणि पानांतून भराभर पाणी उडवताना मुळाशी मीठ आणखी दाट होतं.

त्याहून वाईट म्हणजे ते निचराच अडवतं. कंदांचं जाळं गाळ धरून ठेवतं, चरीचा तळ वर येतो, पाणी पुढं सरकत नाही आणि शेजारच्या चांगल्या रानातलं भूजलही चढतं. बी वाऱ्यावर जातं, त्यामुळे एकानं लावलं की खालच्या सगळ्यांच्या चरी भरतात. क्षारपड रानाला निचरा लागतो, उघडी चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप, आणि त्यानंतर गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढणं. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला, जिथं सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकून पैसे जातात, म्हणून आधी माती परीक्षण. जोडीला धैंचा हे हिरवळीचं पीक फुलोऱ्याआधी गाडायचं आणि उसाला पाटाऐवजी ठिबक.

पाणकणसाचा समूळ नाश करा असं मी म्हणत नाही. मायणीसारख्या तलावाच्या कडेला त्याची दाटी असेल तर जांभळ्या पाणकोंबड्या आणि वटवटे तिथं राहतात, तिथं त्याला राहू द्यावं. कुणाला एकदा चाखायचंच असेल तर ज्याच्या वरच्या अंगाला गाव, गटार किंवा उसाचं रान नाही अशा पाण्यातला कोंब घ्यावा, वास घेऊन खात्री करावी, बाहेरची पानं सोलून पांढरा गाभा चांगला उकळावा आणि पहिल्यांदा दोन घासच खावेत.

चरीतलं काढायचं असेल तर कणसं तपकिरी होऊन फुटायच्या आत, कंदासकट काढा. सरीत आच्छादन म्हणून टाकणार असाल तर आधी बांधावर कडकडीत वाळू द्या, कारण ओल्या कंदाचा तुकडा ओल्या रानात पुन्हा मूळ धरतो.