खोडून लिहिलेले चुकीचे उत्तर

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पाचवीच्या गणिताच्या घटक चाचणीचे पेपर मी रात्री घरी तपासत बसले होते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, असे एक साधे उदाहरण होते. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीच्या पेपरवर त्याचे उत्तर होते दोन छेद पाच, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून काढलेले. अपूर्णांकांची बेरीज नुकती शिकलेली मुले हटकून हीच चूक करतात, म्हणून मी फुली मारायला पेन टेकवले आणि तेव्हा त्या जागी कागद खरवडल्यासारखा दिसला. दिव्याखाली धरून पाहिले, तर रबराने खोडलेले पाच छेद सहा अजून पुसटसे वाचता येत होते. पुढच्या तीन उदाहरणांतही तोच प्रकार होता: आधी बरोबर उत्तर काढलेले, मग खोडलेले आणि त्यावर नेमकी अशी चूक लिहिलेली, जी शेजारच्या मुलाने केली असती. चूक कशी करायची याचाही त्या दहा वर्षांच्या मुलीने अभ्यास केला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतले. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझा पहिला नंबर आला की मला कुणी डब्याला बोलवत नाही." मी विचारले, "आणि नाही आला तर?" ती म्हणाली, "माहीत नाही. म्हणून करून बघितलं."

त्या उत्तराने मी हादरले, कारण त्या एकटेपणात माझा हात होता. वर्गप्रमुख मी तिलाच केले होते. माझे हातातले काम संपेपर्यंत इतरांच्या वह्या तपासायला मी तिलाच बसवत असे. "तिच्याकडे बघा जरा, तिला जमते मग तुम्हाला का जमू नये?" हे वाक्य मी आठवड्यातून किती वेळा उच्चारले असेन, याचा हिशेब लावण्याचे धैर्य मला आजही होत नाही. मी तिचे कौतुक करते आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी रोज तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या मध्ये एकेक वीट रचत होते.

हुशार मुलांच्या मनाची काळजी घ्यायला हवी असे म्हटले की, "हुशार मुलाला कसली आलीय अडचण?" असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीतही येतो. मागे पडणाऱ्या मुलांकडे आधी पाहायला हवे हे मलाही पूर्ण मान्य आहे, आणि साठ मुलांच्या वर्गात ज्याला सगळे येते त्याच्याकडे दुर्लक्ष होणे हा शिक्षकाचा दुष्टपणा नसतो, नाइलाज असतो, हेही मी अनुभवाने जाणते. परंतु ज्याला गणित येते त्याला सगळेच येते, हे आपण गृहीत धरतो आणि तिथे आपली फसगत होते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अतिशय बुद्धिमान मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, बुद्धी मोठ्या माणसाची, भावना लहान मुलाच्या आणि शरीरही लहान मुलाचेच, अशी तीन वये एकाच जिवात नांदत असली, तर त्या जिवाला काही खास अडचणी येणारच. आणि बुद्धी जितकी जास्त, तितके बरोबरीचे कुणी सापडणे अवघड, म्हणून एकटेपणही जास्त.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. चौथीतला एक मुलगा वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचायचा. दुष्काळाच्या वर्षी धरणांतल्या पाणीसाठ्याचे आकडे तो रोज वहीत उतरवून काढायचा आणि आपल्या गावाचे पाणी कोणत्या तारखेला संपेल, हे भागाकार करून सांगायचा. भागाकार बरोबर असायचा. पण त्या तारखेच्या भीतीने त्याला रात्री झोप येत नाही, हे त्याच्या आईने सांगेपर्यंत आम्हाला कुणालाच कळले नव्हते. आम्ही तो भागाकार पाहून टाळ्या वाजवत होतो. टँकर येतात, चारा छावण्या उघडतात, माणसे एकमेकांना धरून राहतात, हे समजायला जे जगणे पाठीशी लागते ते नऊ वर्षांच्या मुलाकडे कुठून असणार? पेन्सिल हरवली म्हणून हाच मुलगा हमसून हमसून रडायचा, तेव्हा "एवढा हुशार असून रडतोस?" असे त्याला विचारले जायचे. ते रडणे त्याच्या वयाचे होते आणि त्याच्या हक्काचे होते.

कौतुकाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे आपण सर्वांत जास्त चुकतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना सांगितले, "तू फार हुशार आहेस", आणि काहींना सांगितले, "तू खूप कष्ट घेतलेस". पुढे काय सोडवायचे हे निवडायची वेळ आली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांचा कल आपण चुकणार नाही अशा सोप्या कामाकडे राहिला. मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तर हुशार म्हटलेली मुले आपल्याच आधीच्या कामगिरीच्या खाली घसरली, कष्टांची दाद मिळालेली मुले मात्र वर गेली. सर्वांत वाईट वाटते ते यापुढचे. आपल्याला किती गुण मिळाले हे अनोळखी मुलांसाठी लिहायला सांगितल्यावर, हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी गुण वाढवून लिहिले. एका शब्दाच्या कौतुकाने मुलाला खोटे बोलावेसे वाटते, इतका तो शब्द जड असतो.

आता आपल्या तालुक्याच्या चौकात उभे राहून पाहा. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की आठ दिवसांत फ्लेक्स लागतात. ३०० पैकी मिळालेले गुण मोठ्या आकड्यांत, बाजूला मुलाचा कोट-टाय घातलेला फोटो आणि वर पाच-सहा मोठ्या माणसांचे फोटो. दहा-अकरा वर्षांचे ते मूल रोज त्या फ्लेक्सखालून शाळेत जाते. त्याला भेटणारा प्रत्येक माणूस पुढच्या परीक्षेचे विचारतो. पावसाने फ्लेक्सचा रंग उडतो, एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडू लागतो, पण मुलाला चिकटलेले ते नाव उतरत नाही. काही वर्षांनी पुढच्या शिष्यवृत्ती परीक्षेत जेव्हा त्याच मुलाचा नंबर यादीत येत नाही, तेव्हा चौकात त्याला कुणी काही बोलत नाही. पण विचारणारेही अचानक थांबलेले असतात, आणि ते त्याला बरोबर कळते. घरातही वेगळे काही घडत नाही. अठ्ठ्याण्णव मिळवून आलेल्या मुलीला "दोन कुठे गेले?" हे आपण हसत हसत विचारतो. आपल्याला ती गंमत वाटते, आणि ती मात्र रात्रभर ते दोन गुण शोधत राहते.

नवोदय विद्यालयांचा उल्लेख केल्याशिवाय ग्रामीण भागातल्या बुद्धिमान मुलांबद्दल बोलणे अपुरे राहील. ही योजना सुरू झाली तेव्हाच्या, म्हणजे १९८५-८६ च्या, पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत होती, दुसरी हरियाणातल्या झज्जरला. सहावीला प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणे-जेवणे-शिकणे सरकारी खर्चाने: शेतमजुराच्या घरात जन्मलेल्या बुद्धीला या देशाने दिलेली ही फार मोठी संधी आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे काही विद्यार्थी तिथून शिकून खूप पुढे गेले. तरीही मुलाला तिथे पोचवायला जाणाऱ्या प्रत्येक पालकाला मी दोन गोष्टी सांगते. पहिली ही की, गावात पहिला असलेला तुमचा मुलगा आता अशा वर्गात बसणार आहे, जिथे प्रत्येक जण आपापल्या गावात पहिला होता. तो पंचविसावा आला तर तो बिघडलेला नाही, तो प्रथमच बरोबरीच्यांत बसला आहे. दुसरी ही की, ट्रंक उचलून वसतिगृहात ठेवताना तो रडला नाही याचा अर्थ त्याला घराची आठवण येणार नाही असा नाही. फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" याआधी "रात्री शेजारच्या कॉटवर कोण झोपतं?" हे विचारा. त्या एका उत्तरात मुलाचे निम्मे हालहवाल कळतात.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला, असे मला वाटते. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये संस्था सुरू केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. निवडलेल्या मुलांनी नुसती अवघड गणिते सोडवू नयेत, गटाने प्रकल्प करावेत, गावांत जावे, मैदानावर दलात खेळावे आणि आपली बुद्धी कुणाच्या तरी उपयोगी पडावी, हा विचार तिथे पहिल्यापासून आहे. मुलांच्या बौद्धिक क्षमतांचा अभ्यास करणारा मानसशास्त्राचा स्वतंत्र विभागही तिथे आहे. मोजक्या मुलांना निवडून वेगळे काढण्याबद्दल माझ्या मनात शंका आहेतच. त्या मुलांना पुढे सर्वसाधारण समाजात मिसळावेच लागते. पण बरोबरीचा सोबती आणि दुसऱ्यासाठी करायचे काम, या दोन्हींची मुलाला एकदमच गरज असते, हे मी तिथल्या कामाकडे पाहूनच शिकले.

आणि जी मुले कोणत्याच यादीत येत नाहीत, त्यांचे काय? ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास शाळा सोडून उन्हाळ्यात परतणाऱ्या मुलाची बुद्धी कोणत्या परीक्षेत दिसणार? दहा मिनिटांत काम संपवून उरलेली पंचवीस मिनिटे शेजाऱ्याला त्रास देणाऱ्या मुलाला आपण वांड म्हणतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच वांड होतो.

त्या पाचवीतल्या मुलीसाठी मी काय केले, ते सांगते. फार मोठे काही केले नाही. वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणे त्या आठवड्यापासून बंद केले. ज्याचा पेपर त्याच्या हातात. वर्गप्रमुखपद दर महिन्याला फिरते केले. वह्या तपासणे हे माझे काम होते, ते मी परत घेतले. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता, तो प्लॅस्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून व्हरांड्याच्या कठड्याला बांधायचा आणि रोज सकाळी पाऊस मोजायचा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला त्याच्याबरोबर बसवले. पहिल्याच दिवशी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले, कारण बाटली वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर मिलिमीटर चुकतात असे तिचे म्हणणे होते आणि ते त्याला पटत नव्हते. मी दारात उभी राहून ऐकत होते. तिचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न करणारे मूल तिला शाळेत प्रथमच भेटले होते, आणि ती ज्या आवाजात भांडत होती तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

डब्याचा प्रश्न मात्र इतका सहज सुटला नाही. एका मुलीने तिला दिवाळीनंतर बोलावले, बाकीच्यांना वर्ष लागले. तिच्या आईला मी दोनदा शाळेत बोलावून घेतले. "मार्क कमी झाले तर तिचे वडील मला बोलतात," असे त्या माउलीने सांगितले, तेव्हा कळले की त्या पेपरवरचा प्रत्येक गुण घरातल्या किती जणांच्या माथ्यावर बसत होता. वडिलांशी बोलायला मला आणखी चार महिने लागले.

मी डी.एड. केले त्या दोन वर्षांत बुद्धिमापनाचे सूत्र मला तोंडपाठ करायला लावले होते, पण बुद्ध्यंक जास्त असलेल्या मुलाच्या मनात काय चालते, यावर एकही तास झाला नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रतिभावान मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत, आणि बी.एड.मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास करता यावा असेही त्यात सुचवले आहे. त्या अभ्यासात मुलाला ओळखायचे कसे याच्या बरोबरीने, ओळखल्यावर त्याच्याशी बोलायचे कसे, हेही असावे अशी माझी कळकळीची मागणी आहे. मूल मनाची ताटी लावून आत बसले, तर बाहेरून हाक कशी मारायची हे शिक्षकाला कुणीतरी शिकवायला हवे. आणि मूल खाणेपिणे, झोपणे, बोलणे सोडू लागले, तर वाट न पाहता समुपदेशकाकडे न्यावे; टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तो प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये असावा.

यंदा माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. जूनपासून तो नळाशेजारच्या पायरीवर एकटाच डबा खातो आणि विचारले तर "मला असंच आवडतं" म्हणतो. काही मुलांना खरेच एकटे असणे आवडते, त्यांना ओढून गर्दीत बसवणे हाही अन्यायच आहे. याला खरेच आवडते, की त्याने मन घट्ट करून घेतले आहे, हे मला अजून कळलेले नाही. गेल्या आठवड्यापासून मी माझा डबा घेऊन त्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसते. काल त्याने मला लिंबाच्या लोणच्याची एक फोड दिली.